स्टीम बॉयलर सारखा बंद पडतोय? मेकॅनिकला फोन करण्याआधी ही वही भरा



कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचा व्यवसाय असो, इडली-ढोकळ्याचं किचन असो, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर असोत किंवा मशरूमसाठी भुसा निर्जंतुक करायचा असो, या सगळ्या घरगुती उद्योगांत एक मशीन कॉमन असतं. घरामागच्या शेडमध्ये उभा असलेला गॅसवरचा छोटा स्टीम बॉयलर.

आणि या मशीनबद्दलची तक्रारही बहुतेक वेळा एकच असते. "सर, बॉयलर चालू होतो, अर्धा-पाऊण तास चालतो आणि बंद पडतो. मेकॅनिक आला की छान चालतो. तो गेला की पुन्हा तेच!"

मग काय होतं? दोनदा-तीनदा मेकॅनिकची व्हिजिट फी भरली जाते. एखादा पार्ट बदलला जातो. तरीही बॉयलर बंद पडतोच. शेवटी कोणीतरी ओळखीचा माणूस सांगतो, "ती सेन्सरची वायर डायरेक्ट करून टाका, कटकटच संपेल."

आजचा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. ती वायर डायरेक्ट करायची नाही. का नाही, आणि त्याऐवजी काय करायचं, ते आज नीट समजून घेऊ.

बंद पडणारा बॉयलर आपलं काम करत असतो

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बॉयलर आपणहून बंद होतो तेव्हा बहुतेक वेळा त्यातला एखादा सुरक्षा स्विच बरोबर काम करत असतो. पाणी कमी झालं, ज्योत विझली, गॅसचा दाब पडला, हवा कमी मिळाली, वाफेचा दाब जास्त झाला, यांपैकी काहीतरी घडलं म्हणून त्याने बर्नर बंद केला. क्वचित स्विच स्वतःच बिघडलेला असतो, पण तेही तपासूनच ठरवायचं असतं.

पाण्याची वाफ झाली की वातावरणाच्या दाबाला ती साधारण १,६०० ते १,७०० पट जागा व्यापते. हीच ताकद तुमची इस्त्री चालवते आणि मोदक उकडते. बंद भांड्यात हीच ताकद अनावर झाली तर शेडची भिंत राहत नाही. म्हणून बॉयलरवर एवढे पहारेकरी बसवलेले असतात. पहारेकरी ओरडतोय म्हणून त्याचं तोंड बांधायचं की तो कशासाठी ओरडतोय ते बघायचं, एवढाच प्रश्न आहे.

आता दुसरा फरक समजून घ्या. बॉयलर दोन प्रकारे थांबतो.

पहिला प्रकार: वाफेचा दाब सेट केलेल्या आकड्याला पोचला, बर्नर थांबला, दाब उतरला की आपोआप पेटला. लाल दिवा नाही, अलार्म नाही. हे बंद पडणं नव्हे, हे नॉर्मल चालणं आहे. नवीन घेतलेल्या बॉयलरबद्दल "सारखा बंद पडतो" अशी तक्रार येते तेव्हा कितीतरी वेळा एवढंच असतं.

दुसरा प्रकार: लाल दिवा लागला किंवा अलार्म वाजला आणि रीसेट दाबल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. याला ट्रिप किंवा लॉकआउट म्हणतात. आपला आजचा विषय हा आहे.

चार नियम, आधी पाठ करा

कारण शोधण्याआधी हे चार नियम शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. कामाला असलेल्या प्रत्येकाला वाचता येतील असे.

१. रीसेट एकदाच. पेटला नाही तर पाच मिनिटं थांबा, वारा खेळू द्या, वास घ्या, मग एकदा आणखी. त्यानंतर नाही. न पेटलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडा गॅस आत शिल्लक राहू शकतो. बटण दाबत राहिलात तर तो साठतो आणि मग एका ठिणगीत एकदम पेटतो.

२. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कुठल्याही विजेच्या बटणाला हात लावू नका. चालू बंद करू नका आणि बंद चालूही करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत आणि खड्ड्यात साठतो. एलपीजी गळतीसाठीचा आपत्कालीन नंबर १९०६ आहे. बाहेर येऊन फोन करा.

३. पाण्याच्या काचेत पाणीच दिसत नसेल आणि बॉयलर गरम असेल तर बर्नर बंद करा आणि पंप मुळीच चालू करू नका. तापलेल्या कोरड्या लोखंडावर पाणी पडलं की क्षणात वाफ होते. बॉयलर आपोआप थंड होऊ द्या आणि तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

४. कुठलाही स्विच, सेन्सर किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह डायरेक्ट करायचा नाही, बांधायचा नाही, घट्ट करायचा नाही. "फक्त आजची ऑर्डर होईपर्यंत" हे कारण चालत नाही.

आता ती वही

मेकॅनिक आला की बॉयलर नीट का चालतो माहितीये? कारण तो येतो सकाळी अकराला, नवीन सिलिंडरवर, एकही इस्त्री चालू नसताना. तुमचा बॉयलर बंद पडतो दुपारी तीनला, अर्ध्या सिलिंडरवर, चारही इस्त्र्या चालू असताना. त्याला तो प्रसंग दिसतच नाही. तो प्रसंग तुम्ही त्याला लिहून द्यायचा.

एक साधी शंभर पानी वही घ्या. बॉयलरशेजारी दोरीला बांधून ठेवा. प्रत्येक वेळी ट्रिप झाला की रीसेट दाबण्याआधी सात गोष्टी लिहा:

- तारीख आणि वेळ
- चालू करून किती मिनिटं झाली होती
- कुठला दिवा लागला होता (शक्य असेल तर मोबाइलवर फोटो)
- वाफेच्या गेजवरचा दाब
- काचेत पाणी किती होतं: अर्धं, कमी, की दिसतच नव्हतं
- सिलिंडर कधी लावला होता आणि बाहेरून त्याला घाम किंवा बर्फ आला होता का
- त्या क्षणी काय चालू होतं: किती इस्त्र्या, कुठला स्टीमर, पाण्याचा पंप चालू की बंद

आठवडाभर लिहा. दहा-बारा नोंदी झाल्या की पॅटर्न दिसायला लागतो. आणि पॅटर्न दिसला की निम्मं काम झालं.

वेळ बघा, कारण सापडेल

*सकाळी पहिल्यांदा पेटतच नाही*

ठिणगी पडते, क्षणभर ज्योत येते आणि लगेच लाल दिवा. याचा अर्थ बहुतेक वेळा ज्योत आहे, पण सेन्सरला ती "दिसत" नाही. अनेक बर्नरमध्ये ज्योत ओळखायला एक बारीक दांडी असते. ज्योतीतून अतिशय कमी करंट, म्हणजे मायक्रोॲम्पिअरमध्ये, वाहतो आणि त्यावरून कंट्रोलरला कळतं की आग पेटली. त्या दांडीवर काजळी बसली, तिची चिनी मातीची नळी तडकली किंवा बॉयलरचं अर्थिंग नीट नसलं, तर हा करंट पोचत नाही. काही कंट्रोलरना फेज आणि न्यूट्रल उलटे झालेलेही चालत नाहीत. शेडमध्ये नुकतं वायरिंगचं काम झालं असेल आणि त्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, बॉयलरवाल्याला नंतर.

ज्या बर्नरमध्ये दांडीऐवजी काचेचा यूव्ही सेन्सर असतो तिथे काच धुरकट झाली की हाच त्रास होतो.

*अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडतो, थोडं थांबलं की पुन्हा चालतो*

इथे मी सगळ्यात आधी सिलिंडरकडे बघायला सांगेन. हाच भाग लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून त्याचा हिशेब पुढे वेगळा मांडला आहे.

*एकदम वाफ सोडली की बंद पडतो*

सगळ्या इस्त्र्यांचे किंवा स्टीमरचे व्हॉल्व्ह एकदम उघडले की दाब झपाट्याने उतरतो, आतलं पाणी उसळतं, काही पाणी वाफेबरोबर निघून जातं आणि लेव्हल कोसळते. मग पाण्याचा स्विच ट्रिप करतो. मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडायची सवय लावा, एकेक पॉइंट चालू करा. तरीही काचेतलं पाणी सारखं नाचत असेल, फेसाळत असेल, तर आतलं पाणी घाण झालंय. क्षार साठलेत किंवा तेल-साबण कुठूनतरी शिरलाय. लाँड्रीत हे सहज होतं.

*ठरावीक वेळीच बंद पडतो, दुपारी किंवा संध्याकाळी*

व्होल्टेज तपासा. व्होल्टेज पडलं की ब्लोअरचा जोर कमी होतो, हवेचा स्विच सुटतो आणि बर्नर थांबतो. गावाकडे शेतीपंपांच्या वेळेत हे घडतं. चारशे-पाचशे रुपयांचा साधा मीटर भिंतीवर लावा आणि वहीत आकडा लिहा. व्होल्टेज हेच कारण असेल तर बॉयलरचा कुठलाही पार्ट बदलून उपयोग नाही. योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लागेल.

*हळूहळू वाढत गेलेला त्रास*

दोन महिन्यांपूर्वी आठवड्यातून एकदा, आता दिवसातून तीनदा. असं असेल तर कुठेतरी काहीतरी साचतंय. लाँड्रीत कपड्यांचे बारीक तंतू ब्लोअरच्या तोंडावर जमतात. किचनमध्ये पिठाची धूळ जमते. जाळीवर बोट फिरवा, कळेल. ज्योत निळी असायची ती पिवळी, धुरकट दिसायला लागली असेल तर हवा कमी पडतेय. थंडी किंवा पाऊस म्हणून शेडचं दार-खिडकी बंद करून बॉयलर चालवणं तर अजिबात नको. कमी हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि तो माणसाला मारतो.

*लाल दिवा नाही, पण दर दोन मिनिटांनी चालू-बंद*

हा ट्रिप नव्हे. बॉयलर तुमच्या गरजेपेक्षा मोठा आहे किंवा प्रेशर स्विचचा चालू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा फार जवळ ठेवला आहे. प्रत्येक वेळी पेटण्याआधी ब्लोअर आतली हवा बाहेर फेकतो आणि तिच्याबरोबर तुमची उष्णताही चिमणीतून जाते. म्हणजे गॅसचे पैसे जातात. दोन आकड्यांतलं अंतर उत्पादकाच्या मर्यादेत राहून टेक्निशियनकडून वाढवून घ्या.

सिलिंडरचा हिशेब: कागद-पेन घ्या

समजा तुमचा बॉयलर तासाला ५० किलो वाफ देणारा आहे. ३० अंशांच्या एक किलो पाण्याची तीन-चार किलो दाबाची वाफ करायला साधारण ६२५ किलोकॅलरी लागतात. ५० किलोला झाल्या सुमारे ३१,०००. एक किलो एलपीजीतून ११,००० च्या आसपास मिळतात. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर हातात येतात ९,३५०. भागाकार करा. पूर्ण लोडवर तासाला साधारण ३.३ किलो गॅस लागतो.

आता दुसरी बाजू. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. तो बाहेर येताना आत उकळतो, आणि त्या उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून घेतो. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून सतत वापरात तासाला साधारण एक किलोच्या आसपासच गॅस नीट निघतो. थंडीत आणि सिलिंडर अर्ध्यावर आला की त्याहूनही कमी.

म्हणजे गरज ३.३ किलोची आणि एका सिलिंडरची ताकद एक किलोची! सुरुवातीला सिलिंडर स्वतःतली साठलेली उष्णता वापरतो म्हणून थोडा वेळ चालतं. मग तो गार पडतो, बाहेरून घाम येतो, बर्फाचा पांढरा पट्टा दिसतो, दाब उतरतो आणि गॅसचा स्विच किंवा ज्योतीचा सेन्सर बॉयलर बंद करतो. तुम्ही चहा पिऊन येता, तोवर सिलिंडर पुन्हा कोमट होतो, आणि बॉयलर बिनतक्रार चालू! मेकॅनिकला काही सापडणार कसं? बिघाड बॉयलरमध्ये नाहीच.

यावर गावोगाव जे उपाय चालतात ते सगळे धोक्याचे आहेत. सिलिंडर उलटा किंवा आडवा करणं, गरम पाण्याच्या टबात ठेवणं, बॉयलरच्या भट्टीजवळ सरकवणं, यातलं काहीही करू नका. उलट्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट बर्नरपर्यंत जाऊ शकतो.

बरोबर उपाय आहे मॅनिफोल्ड. म्हणजे तीन-चार सिलिंडर एका पाइपला जोडून सगळ्यांतून थोडा थोडा गॅस घेणं. वरच्या हिशेबाने चार सिलिंडर लागतील. हे काम गॅस एजन्सीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यायचं.

इथे आणखी एक गणित लक्षात ठेवा. एलपीजीचा १०० किलोपर्यंतचा साठा विनापरवाना ठेवता येतो. जोडलेले चार आणि राखीव एक, असे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. बसतं. पण चार चालू आणि चार राखीव ठेवायचे म्हटलं तर १५२ किलो होतात, तिथे परवान्याचा प्रश्न येतो. तुमच्या भागात पाइप गॅस आला असेल तर त्याची चौकशी जरूर करा, ही भानगडच राहत नाही. आणि घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला लावणं बेकायदा आहे. स्वस्त पडतो म्हणून तो मोह नको.

पाणी: जिथे खरा पैसा वाचतो

गॅसनंतर सगळ्यात जास्त ट्रिप पाण्यामुळे होतात. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. ते तापवलं की क्षारांचा थर धरतो. घरच्या गिझरच्या कॉइलवर बघितला असेल तसाच.

हा थर बॉयलरच्या नळ्यांवर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, चिमणीतून जाते. चिमणीचं तापमान हळूहळू वाढत जाणं ही त्याची खूण. आणि तोच थर पाण्याची लेव्हल बघणाऱ्या दांड्यांवर बसला की दोन प्रकारचे घोटाळे होतात. एक तर पाणी असूनही दांडीला कळत नाही, आणि बॉयलर उगाच ट्रिप होतो. दुसरा घोटाळा भयंकर आहे. दांडीच्या मुळाशी थर जमून करंटला वाट मिळाली तर पाणी नसतानाही "पाणी आहे" असा सिग्नल जातो. म्हणून पाण्याचा कट-ऑफ चालतोय की नाही, याची चाचणी उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने ठरलेल्या दिवशी करा आणि वहीत लिहा.

कॉइल प्रकारच्या छोट्या बॉयलरला पाण्याची काचच नसते. तिथे पाण्याचा प्रवाह आणि तापमान यावर पहारा असतो. अशा बॉयलरमध्ये क्षार साचले की पंपाचा दाब वाढत जातो आणि जास्त तापमानाचा ट्रिप यायला लागतो. वहीत काचेच्या रकान्यात पंपाचा दाब लिहा.

पाण्याबाबत काही गोष्टी पटकन सांगतो:

- सॉफ्टनर बसवा, पण त्यात मीठ टाकायला विसरू नका. मीठ संपलं की सॉफ्टनर नुसताच डबा. आणि टीडीएस मीटरने सॉफ्टनर तपासू नका. सॉफ्टनर क्षारांचा प्रकार बदलतो, टीडीएस फारसा कमी करत नाही. त्यासाठी हार्डनेस तपासायचं छोटं किट मिळतं, ते ठेवा.
- आरओचं पाणी घालताय? आधी विचारा. काही बॉयलरमध्ये लेव्हलच्या दांड्या पाण्यातून करंट वाहतो यावर चालतात. फार शुद्ध पाण्यातून करंट नीट जात नाही. मग टाकी भरलेली, बॉयलर भरलेला आणि दिवा सांगतो पाणी नाही!
- पंपाआधीची जाळी साफ करा. आठवड्यातून एकदा. पंप फिरतो पण पाणी जात नाही, याचं सगळ्यात स्वस्त कारण हेच.
- पंप हाताला फार गरम लागतोय? नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल आणि बॉयलरचं गरम पाणी उलटं येत असेल. फीड टाकीतलं पाणी फार गरम असलं तरी पंपात वाफेचे बुडबुडे होऊन तो पाणी ओढत नाही.
- ब्लोडाउन रोज. किती आणि कसा, ते तुमच्या मशीनच्या पुस्तकात असतं. पाणी सॉफ्ट असलं तरी क्षार आत साठतातच, ते बाहेर काढावेच लागतात. वाफ थेट खाण्याच्या पदार्थाला लागत असेल तर बॉयलरच्या पाण्यात टाकायचं केमिकल अन्नासाठी चालणारं आहे, हे लेखी घ्या.

एक चांगली बातमीही आहे. इस्त्रीतून परत येणारं गरम पाणी फीड टाकीत घेतलं आणि पाणी ३० ऐवजी ७० अंशांवर गेलं, तर आपल्या वरच्या हिशेबात गॅस साधारण सहा टक्के कमी लागतो. फक्त ते पंपाला सोसेल एवढंच गरम ठेवा.

बंद पडण्याची किंमत काढा

बरेच जण म्हणतात, "सर, सॉफ्टनर आणि मॅनिफोल्डला एवढा खर्च?" मग हा हिशेब करा. समजा बॉयलर दिवसातून चार वेळा बंद पडतो आणि प्रत्येक वेळी पुन्हा दाब यायला वीस मिनिटं जातात. झाली ८० मिनिटं. चार कारागीर तेवढा वेळ बसून. म्हणजे ३२० मिनिटं, पाच तासांहून जास्त पगारी वेळ रोज फुकट. महिन्याच्या २५ दिवसांनी गुणा. त्यात उशिरा गेलेली डिलिव्हरी आणि परत न आलेलं गिऱ्हाईक मिळवा. तुमच्या पगाराचे आकडे तुम्ही घाला. मग ठरवा खर्च कुठला मोठा आहे.

मेकॅनिकला असं सांगा

"बॉयलर बंद पडतो, या" असा फोन करू नका. असं सांगा: "आठवड्यात अकरा वेळा ट्रिप झाला. त्यातले नऊ वेळा चालू केल्यापासून ३५ ते ५० मिनिटांत, दिवा ज्योत गेल्याचा, काचेत पाणी अर्धं, सिलिंडरला बर्फ, चारही इस्त्र्या चालू. फोटो पाठवलेत." 

चांगला टेक्निशियन हे ऐकून फोनवरच अर्धं निदान करेल आणि येताना बरोबर पार्ट घेऊन येईल. त्याला तुमच्या त्रासाच्या वेळेलाच बोलवा, पूर्ण लोडवर मशीन चालवून दाखवा. काम झालं की काय सापडलं आणि काय बदललं ते त्याच वहीत त्याच्या सहीने लिहून घ्या.

गॅसची जोडणी, बर्नरची सेटिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, कंट्रोलरची वायरिंग ही त्याची कामं. जाळ्या साफ करणं, मीठ टाकणं, ब्लोडाउन, नोंदी ही तुमची. ही रेघ दोघांनीही ओलांडायची नाही.

अजून बॉयलर घ्यायचाय? मग हे पाच प्रश्न विचारा

१. पूर्ण लोडवर तासाला किती किलो गॅस लागतो आणि त्यासाठी किती सिलिंडर जोडावे लागतील? उत्तर लेखी.
२. माझ्या बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट बघून सांगा, कुठला सॉफ्टनर लागेल?
३. ट्रिप झाल्यावर नेमकं कारण दाखवणारे वेगवेगळे दिवे किंवा डिस्प्ले आहे, की सगळ्याला एकच लाल दिवा? वेगळे दिवे असलेलं मशीन थोडं महाग पडलं तरी घ्या.
४. सर्व्हिस देणारा माणूस किती अंतरावर आहे आणि ज्योतीची दांडी, काचेची नळी, गॅस्केट, फ्यूज हे स्टॉकमध्ये असतं का?
५. हा बॉयलर बॉयलर कायद्याखाली येतो का?

पाचव्या प्रश्नाबद्दल थोडं. १९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवीन बॉयलर कायदा आला आहे. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे किंवा एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी दाबाचे बॉयलर त्याच्या कक्षेबाहेर राहतात. विक्रेते ज्याला "नॉन-आयबीआर" म्हणतात ते बहुधा हेच. त्याहून मोठा असेल तर नोंदणी आणि तपासणी लागते. आपल्या राज्यात त्यासाठी बाष्पके संचालनालय आहे. विक्रेता तोंडी "काही लागत नाही" म्हणाला तर बिलावर क्षमता आणि दाब लिहून घ्या. आणि कायद्याबाहेरचा म्हणजे निर्धोक, असा अर्थ मात्र काढू नका. २५ लिटरच्या आतला बॉयलरही माणसाला भाजून काढतो.

आजच करायचं काम

मित्रांनो, वाचून सोडून देऊ नका. आज संध्याकाळी काम संपल्यावर तीन गोष्टी करा. चार नियम मोठ्या कागदावर लिहून शेडमध्ये लावा. वही बांधा आणि पहिल्या पानावर सात रकाने आखा. आणि तुमच्या बॉयलरच्या कंट्रोल पॅनलचं झाकण टेक्निशियनकडून एकदा उघडून घेऊन बघा, की आधीच कोणी एखादा स्विच डायरेक्ट करून ठेवलेला नाही ना. जुना बॉयलर विकत घेतला असेल तर हे नक्की बघा. सापडला तर तो पूर्ववत होईपर्यंत बॉयलर पेटवू नका, मग दारात कितीही मोठी ऑर्डर येऊन पडलेली असो.

ऑर्डर एक दिवस उशिरा दिली तर गिऱ्हाईक रागावेल, फोन करून समजूत काढता येईल. शेडमध्ये उभी असणारी माणसं तुमच्या घरची आहेत, तुमच्या भरवशावर कामाला आलेली आहेत. त्यांच्या बाबतीत समजूत काढायची वेळ येऊ द्यायची नाही.

आठवड्याभराची वही भरून झाली की तुमचा पॅटर्न काय निघाला ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये नक्की लिहा. तुमच्या नोंदीतून दुसऱ्या कुणाचा बॉयलर सुरळीत होईल.

भेटू पुढच्या लेखात.